कारभार बघून घर घ्यावं

जपानच्या निगाता प्रांतात युझावा नावाचं गाव आहे. हिवाळ्यात तिथे माणूस बुडेल एवढा बर्फ पडतो आणि टोकियोहून शिनकान्सेन जेमतेम सव्वा तासात तिथे पोचवते. १९८०च्या दशकात जपानमध्ये पैशाला पूर आला होता, तेव्हा स्कीइंगच्या हौसेवर या एका गावात पन्नासहून अधिक इमारती उभ्या राहिल्या. तळाशी गरम झऱ्याच्या पाण्याचे हौद, कुठे पोहण्याचा तलाव, स्की ठेवायला कपाटं असा सगळा थाट होता. टोकियोतल्या मध्यमवर्गाने दुसरं घर म्हणून तिथले फ्लॅट हौसेने घेतले. आज त्यांतले काही फ्लॅट १ लाख येनला, म्हणजे आपल्या साठ हजार रुपयांच्या आसपास विकायला असतात. तरीही ते पटकन उचलले जात नाहीत.

याचं कारण दारावरच्या किमतीत सापडत नाही. या फ्लॅटचा मालक झालात की महिन्याचा मेंटेनन्स, दुरुस्तीचा फंड आणि वर्षाचा मालमत्ता कर सुरू होतो. तुम्ही तिथे राहा किंवा न राहा, वर्षभरात भरायची रक्कम फ्लॅटच्या किमतीपेक्षा जास्त भरते. शिवाय नको झालं म्हणून मालकी टाकून देता येत नाही. गिऱ्हाईक मिळेपर्यंत भरत राहायचं आणि नाही मिळालं तर मुलांनी भरायचं.

युझावा हे टोकाचं उदाहरण झालं. पण जपानमध्ये जुना फ्लॅट घेणाऱ्या प्रत्येकाने आधी हेच समजून घेतलं पाहिजे. जपानी इस्टेट एजंटांच्या तोंडी एक सल्ला कायम असतो : फ्लॅट घेताना कारभार विकत घ्या. इमारतीचं वय, जागा, किंमत यांच्या खाली आणखी एक थर असतो. तिथल्या मालकांनी गेली तीस-चाळीस वर्षं एकत्र बसून काय ठरवलं, किती पैसे बाजूला टाकले आणि काय पुढे ढकललं, हा तो थर. त्याचा चांगला-वाईट वारसा नव्या मालकाकडे जसाच्या तसा येतो. हे प्रकरण तो वारसा कसा तपासायचा याबद्दल आहे.

जुन्याकडे का वळायचं?

टोकियोच्या २३ वॉर्डांत नव्या फ्लॅटची सरासरी किंमत २०२३ साली १० कोटी येनच्या वर गेली. पगारदार माणसाच्या ती आवाक्याबाहेरची आहे. त्याआधीच, २०१६ साली, टोकियो परिसरात जुन्या फ्लॅटच्या व्यवहारांची संख्या नव्याने बाजारात आलेल्या फ्लॅटपेक्षा जास्त झाली होती. नवं घर म्हणजेच चांगलं घर, असं मानणाऱ्या देशात हा मोठा बदल होता.

जुन्याच्या बाजूने बोलणाऱ्या गोष्टी खऱ्या आहेत. स्टेशनजवळच्या मोक्याच्या जागा आधीच्या पिढीने घेऊन ठेवल्या, त्यामुळे चालत पाच मिनिटांवरचा फ्लॅट बहुधा जुन्याच इमारतीत मिळतो. किमतीची मोठी घसरण पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत होऊन गेलेली असते आणि त्यानंतर चांगल्या वस्तीत ती बरीचशी स्थिरावते. इमारत कशी सांभाळली गेली, हेही एव्हाना डोळ्यांना दिसतं. नव्या इमारतीत कारभाराचं फक्त आश्वासन असतं. जुन्या इमारतीत त्याचा पुरावा असतो, आणि जुन्याकडे वळण्याचं सर्वांत भक्कम कारण हेच आहे.

मालकी नेमकी कशाची?

सर्वसामान्य ग्राहकांसाठी खासगी विकासकाने बांधून विकलेली पहिली फ्लॅटची इमारत म्हणून टोकियोतल्या 'योत्सुया कॉर्पोरास'चं नाव घेतलं जातं. ती १९५६ साली झाली. पाच मजले, २८ घरं, हप्त्यांनी पैसे देण्याची सोय. पण एका इमारतीचे अनेक मालक या प्रकाराला पुरेसा कायदा तेव्हा नव्हता. तो १९६२ साली आला. १९८३ सालच्या दुरुस्तीने दोन गोष्टी पक्क्या झाल्या. फ्लॅट घेणारा प्रत्येक जण आपोआप मालकांच्या संघाचा, म्हणजे 'कान्री कुमिआइ'चा सभासद होतो. आणि फ्लॅट व त्याखालच्या जमिनीतला हिस्सा एकमेकांपासून तोडून विकता येत नाहीत.

त्यामुळे महाराष्ट्रात वर्षानुवर्षं रखडणारा कन्व्हेयन्सचा प्रश्न तिथे सहसा उद्भवत नाही. तरी नोंदणीच्या उताऱ्यावर जमीन मालकीची आहे की भाडेपट्ट्याची, हे बघावंच लागतं. आजूबाजूच्या मानाने एखादा फ्लॅट फारच स्वस्त दिसत असेल, तर अनेकदा खाली जमीन दुसऱ्याची असते. मग दर महिन्याला जमिनीचं भाडं आलं, विकताना जमीनमालकाच्या संमतीचा प्रश्न आला आणि बँकेचं कर्जही अवघड झालं.

फ्लॅटच्या आत तुमचं काय, हेही नीट बघण्यासारखं आहे. सरकारने तयार केलेल्या आदर्श नियमावलीनुसार बाल्कनी सामाईक असते. तुम्हाला ती फक्त वापरायचा हक्क असतो. खिडक्यांच्या चौकटी आणि काचा सामाईक, मुख्य दाराची बाहेरची बाजूही सामाईक. १९७०च्या दशकातल्या इमारतीत एकेरी काचेच्या खिडक्यांवर हिवाळ्यात पाणी साचतं आणि भिंतीला बुरशी धरते. दुहेरी काच बसवून घेऊ म्हणून कारागीर बोलावलात, तर आधी संघाची परवानगी लागते. जमिनीवरचा गालिचा काढून लाकडी फळ्या टाकायच्या असतील, तर खालच्याला आवाज जाऊ नये म्हणून फळ्यांच्या प्रतीचाही नियम असू शकतो. आधी घर घेऊन मग आत हवं ते करू, असा विचार असेल तर नियमावली सौद्याआधी वाचावी.

फ्लॅट-मालकीच्या त्या १९६२च्या कायद्यातलं आठवं कलम खरेदीदाराने पाठ करावं असं आहे. आधीच्या मालकाने मेंटेनन्स थकवला असेल, तर संघ ती थकबाकी नव्या मालकाकडून वसूल करू शकतो. लिलावातला फ्लॅट स्वस्त का सुटतो, याचं उत्तर पुष्कळदा या कलमात असतं.

१ जून १९८१

जपानमध्ये जुन्या इमारतींचे दोन वर्ग पाडणारी ही तारीख आहे. १२ जून १९७८ रोजी मियागी प्रांतात मोठा भूकंप झाला, त्याच्या अनुभवातून भूकंपरोधाचे नियम कडक झाले आणि ते या दिवसापासून लागू झाले. त्याआधीच्या इमारतींना 'क्यू-ताइशिन' म्हणतात, नंतरच्यांना 'शिन-ताइशिन'. जुन्या नियमात मध्यम भूकंपाने इमारतीला इजा होऊ नये, एवढाच विचार होता. नव्या नियमाने आणखी एक अट घातली. क्वचित येणाऱ्या महाभूकंपातही इमारत कोसळून माणसं मरता कामा नयेत. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे परिसराला हादरवणाऱ्या भूकंपात ६,४०० हून अधिक माणसं गेली, आणि नव्या नियमांनी बांधलेल्या इमारतींत पडझड बरीच कमी होती.

इथे खरेदीदार हमखास एका ठिकाणी फसतो. जाहिरातीत बांधकाम पूर्ण झाल्याचं वर्ष असतं, कायदा मात्र बांधकाम परवानगीची तारीख बघतो. मोठी इमारत उभी राहायला दीड-दोन वर्षं लागतात. त्यामुळे १९८२ साली पूर्ण झालेली इमारत जुन्या नियमांची असू शकते. परवानगीची तारीख स्थानिक नगरपालिकेच्या नोंदवहीच्या उताऱ्यात मिळते. तो उतारा मागवायला एजंटाला सांगावं.

१९८१ पूर्वीची म्हणून इमारत सरसकट बाद करायचं मात्र कारण नाही. खांबांऐवजी जाड काँक्रीटच्या भिंतींवर उभ्या असलेल्या चार-पाच मजली वसाहती कोबेत चांगल्या तगल्या. उलट तळमजला पार्किंगसाठी मोकळा सोडून वरचा भार नुसत्या खांबांवर तोललेल्या इमारती तिथेच चिरडल्या. म्हणून जुन्या इमारतीबद्दल तीन प्रश्न विचारावेत. भूकंप-तपासणी झाली का? तिचा निष्कर्ष काय आला? आणि त्यानंतर मजबुतीकरण केलं का? तपासणीच झाली नसेल, तर अनेकदा निकालाच्या भीतीने मालकांनी ती टाळलेली असते. निकाल वाईट आला, तर तो प्रत्येक खरेदीदाराला सांगावा लागतो आणि भाव पडतो. सगळ्यांच्या जिवाशी खेळ करून भाव जपणाऱ्या इमारतीत घर घेऊ नये, असं मी ठामपणे म्हणेन.

फंडात किती आहेत?

आपल्याकडच्या सोसायटीत मेंटेनन्स आणि सिंकिंग फंड वेगळे असतात, तसे जपानमध्येही दोन वेगळे आकार असतात. 'कान्रीही' म्हणजे झाडलोट, लिफ्ट, रखवालदार, जिन्यातले दिवे यांचा खर्च. 'शूझेन त्सुमितातेकिन' म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचा फंड. साधारण दर बारा ते पंधरा वर्षांनी सबंध इमारतीला परांची बांधून मोठं काम निघतं. सुटलेल्या टाइल्स, भिंतीतल्या भेगा, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, रंग, गंजलेले कठडे असं सगळं त्यात येतं. हा खर्च घरटी १० लाख येनच्या घरात सहज जातो.

हा फंड बहुतेक इमारतींत सुरुवातीपासूनच तोकडा असतो. नवे फ्लॅट विकताना महिन्याचा आकडा लहान दिसावा म्हणून बिल्डर तो कमी ठेवतो आणि पुढे टप्प्याटप्प्याने वाढवायची योजना कागदावर मांडतो. वाढवायची वेळ येते तेव्हा मालक निवृत्त झालेले असतात. सभेत हात वर होत नाहीत आणि वाढ लांबत जाते. २०२३ च्या सरकारी पाहणीत तिसऱ्या हिश्शाहून अधिक इमारतींचा फंड त्यांच्याच योजनेपेक्षा कमी भरला. त्यानंतर २०२४ साली सरकारने मार्गदर्शन दिलं की, टप्प्याटप्प्याने वाढवायचंच असेल तर सुरुवातीची रक्कम समान हप्त्याच्या ०.६ पटीहून कमी नसावी आणि शेवटची १.१ पटीहून जास्त नसावी.

खरेदीदाराने स्वतःच करून बघावा असा एक सोपा हिशेब आहे. सरकारच्या मार्गदर्शक आकड्यांत २० मजल्यांहून कमी आणि ५,००० चौरस मीटरहून लहान इमारतीसाठी दर चौरस मीटरला महिन्याला सरासरी ३३५ येन धरले आहेत. ६० चौरस मीटरच्या फ्लॅटला ते २०,१०० येन होतात. एजंटाच्या कागदावर याच फ्लॅटचा फंड ६,००० येन लिहिलेला असेल, तर स्वस्त आहे म्हणून खूश होऊ नये. उरलेले १४,००० कुणीतरी भरायचेच आहेत. महिन्याचा आकडा तिप्पट होईल, एकदम मोठी वर्गणी काढली जाईल, संघ कर्ज काढेल किंवा इमारत तशीच झिजत राहील. या चारांपैकी एक तुमच्या वाट्याला येणारच.

कर्ज, शिल्लक, थकबाकी, पुढच्या वाढीचा ठराव हे सगळं 'महत्त्वाच्या बाबींच्या चौकशी-अहवाला'त लिहिलेलं असतं. व्यवस्थापन कंपनी तो थोडं शुल्क घेऊन देते. त्याच्या जोडीला तीस वर्षांचं दुरुस्ती-नियोजन आणि गेल्या दोन-तीन वार्षिक सभांची इतिवृत्तं मागावीत. बयाणा देण्याआधी इतिवृत्त वाचायला मिळत नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

भिंती नव्या, पाइप जुने

घर बघायला जाल तेव्हा फ्लॅटमध्ये शिरण्याआधी तळमजल्यावर दहा मिनिटं थांबा. सूचना फलक वाचा. ड्रेनेज लाइन धुण्याची तारीख, आग-सुरक्षेची तपासणी, सभेचा वृत्तान्त असे ताजे कागद नीट लावलेले असतील, तर कुणीतरी जबाबदारीने काम बघतंय. टपालपेट्या बघा. किती पेट्यांच्या फटीला चिकटपट्टी लावली आहे किंवा किती जाहिरातींनी तुंबल्या आहेत, यावरून रिकाम्या घरांचा अंदाज येतो. सायकलींच्या छपरात साखळी गंजलेल्या, टायर बसलेल्या सायकली पडून असतील, तर संघाला एवढंसं कामही तडीला नेता येत नाही असं समजावं. कचऱ्याच्या खोलीवरूनही हेच कळतं.

मग फ्लॅटमध्ये जा. एखाद्या कंपनीने जुना फ्लॅट घेऊन आतून नवा केलेला असेल, तर पांढरा कागद लावलेल्या भिंती, नवा ओटा आणि लाकडी जमीन बघून मन हरखतं. तेव्हा ओट्याखालचं कपाट उघडा. नव्या पांढऱ्या नळीच्या मागे, भिंतीतून येणारा पाइप कोणता आहे? १९७०च्या दशकात पाण्याला जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप घालत. ते आतून गंजून अरुंद होतात. सकाळी पहिलं पाणी तांबूस येतं आणि एक दिवस गळती सुरू होते. मुख्य दाराशेजारी मीटरची अरुंद खोली असते, ती उघडायला सांगा. उभा मुख्य पाइप बदलला आहे का, ते तिथे बऱ्याचदा दिसतं. उभा पाइप सामाईक असतो आणि तो बदलायचा निर्णय संघाचा असतो. आतले आडवे पाइप तुमचे, आणि ते बदलायचे तर जमीन उखडावी लागते. हे काम नूतनीकरणात झालं की नाही, ते लेखी विचारावं.

आणखी एक अडचण आहे. जुन्या काही इमारतींत न्हाणीघराचा सांडपाण्याचा पाइप स्लॅबच्या खालून, म्हणजे खालच्या घराच्या छतातून जातो. तो गळला तर दुरुस्तीसाठी खालच्याचं छत फोडावं लागतं. अशा एका प्रकरणात जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली तो पाइप सामाईक ठरवला, कारण वरच्या मालकाला त्याला हातही लावता येत नव्हता. विजेचा भारही विचारावा. फ्लॅटला ३० अँपिअरहून जास्त मिळत नसेल, तर एसी, भाताचा कुकर आणि मायक्रोवेव्ह एकदम चालत नाहीत, आणि सबंध इमारतीची वायर तोकडी असेल तर एकट्याने भार वाढवता येत नाही.

विक्रेता कोण, यावरही तुमचं संरक्षण ठरतं. विकणारी रिअल इस्टेट कंपनी असेल, तर घरातल्या दडलेल्या दोषांची जबाबदारी तिला किमान दोन वर्षं घ्यावी लागते. खासगी मालक असेल, तर करारात ही मुदत बहुधा तीन महिने असते, कधी अजिबात नसते.

रीडेव्हलपमेंटची आशा सोडून द्या

मुंबई-पुण्याच्या वाचकाच्या मनात इथे एक आशा जागी होतेच. इमारत जुनी आहे ना, मग कधीतरी रीडेव्हलपमेंटला जाईल, बिल्डर वाढीव एरिया देईल, वर कॉर्पस फंड आणि बांधकाम होईतो भाडं. महाराष्ट्रात वाढीव एफएसआयमधून निघणारी घरं विकून बिल्डर हा खर्च काढतो. जपानमध्ये हे गणित फार थोड्या ठिकाणी जुळतं. पुष्कळ जुन्या इमारतींनी आजच्या नियमांत बसेल त्याहून जास्त बांधकाम वापरलेलं आहे. पाडून बांधली तर नवी इमारत लहान होईल. खर्च मालकांनाच करावा लागतो. २०१७ ते २०२१ या काळातल्या प्रकल्पांत तो घरटी सरासरी १ कोटी ९४ लाख येनपर्यंत गेला. २०२३ अखेर चाळीस वर्षांहून जुने फ्लॅट १३ लाख ६९ हजार होते. पाडून पुन्हा बांधल्या गेलेल्या इमारती मात्र २०२४ पर्यंत सगळ्या मिळून तीनशेच्याही आत होत्या. योत्सुया कॉर्पोरास त्या भाग्यवंतांपैकी एक. तिथे जागा शिल्लक होती, म्हणून २८ घरांच्या जागी ५१ झाली.

उलट टोकाचं उदाहरण गिन्झाजवळच्या नाकागिन कॅप्सूल टॉवरचं. वास्तुकार कुरोकावा किशो यांच्या कल्पनेतून १९७२ साली तो झाला. दोन काँक्रीटच्या मनोऱ्यांना १४० कॅप्सूल बोल्टांनी जोडलेल्या, दर पंचवीस वर्षांनी त्या बदलायच्या अशी योजना. एकदाही बदलल्या नाहीत, कारण इतक्या मालकांचं एकमत आणि इतका पैसा एकत्र कधी आलाच नाही. पाडायचा ठराव २००७ साली झाला, प्रत्यक्षात टॉवर पाडला गेला २०२२ साली. जगभरचे वास्तुकार जिचा अभ्यास करत होते, ती इमारत शेवटी मालकांच्या सभेपुढे हरली.

शिगा प्रांतातल्या यासु शहरातली गोष्ट याहून बोचरी आहे. १९७२ साली बांधलेली तीन मजली, अवघ्या नऊ घरांची इमारत ओस पडली. भिंती ढासळल्या, अॅस्बेस्टॉस उघडा पडला. पाडायला सगळ्या मालकांची संमती हवी होती, ती मिळेना. शेवटी २०२० साली शहराने स्वतः ती पाडली. खर्च आला सुमारे ११ कोटी ८० लाख येन, आणि तो मालकांकडून मागितला गेला. घरटी १ कोटी ३० लाखांच्या आसपास, तेही नसलेल्या घरासाठी.

अशा अनुभवांमुळे २०२५ साली कायदा बदलला आणि १ एप्रिल २०२६ पासून बदल लागू झाले. पुन्हा बांधण्यासाठी चार-पंचमांश मतांचा मूळ नियम कायम आहे. पण भूकंपरोध अपुरा असण्यासारखी कारणं असतील, तर तीन-चतुर्थांश पुरतात. ठावठिकाणा नसलेल्या मालकांना न्यायालयाच्या परवानगीने मतगणतीतून वगळता येतं. इमारत आणि जमीन एकगठ्ठा विकायला पूर्वी सर्वांची संमती लागे, तिथेही आता चार-पंचमांश चालतात. याने कोंडी सुटायला मदत होईल, पण पैसा मालकांच्याच खिशातून जाणार. म्हणून पुनर्बांधणीच्या आशेवर एक येनही जास्त देऊ नये.

गुंतवणूक म्हणून

परदेशी माणसाला जपानमध्ये घर आणि जमीन मालकीने घेता येते. मात्र घर घेतलं म्हणून व्हिसा मिळत नाही. कायम वास्तव्याचा परवाना नसेल, तर बहुतेक बँका गृहकर्जाला कचरतात, आणि भारतात राहून घेणाऱ्याला जवळजवळ रोखच मोजावी लागते. त्यासाठी पैसे पाठवताना रिझर्व्ह बँकेच्या योजनेची माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि परदेशातली मालमत्ता भारतीय विवरणपत्रात दाखवावी लागते.

किमतीवर दलाली ३ टक्के अधिक ६०,००० येन आणि त्यावर कर, नोंदणी कर आणि काही महिन्यांनी येणारा संपादन कर असे खर्च चढतात. पुढे दर वर्षी मालमत्ता कर आहे. बाहेरच्या देशात राहणाऱ्या मालकाने फ्लॅट कंपनीला भाड्याने दिला, तर कंपनी भाड्यातून २०.४२ टक्के कर कापून घेते. तुमच्या वतीने कराचं काम बघणारा माणूस जपानमध्ये नेमावा लागतो. घेतल्यापासून पाच वर्षांच्या आत विकलंत, तर नफ्यावरचा कर जवळपास दुप्पट. ही पाच वर्षं विक्रीच्या वर्षाच्या १ जानेवारीला मोजतात, हेही ध्यानात ठेवावं.

काँक्रीटच्या घराचं आयुष्य ४७ वर्षं, असं वाक्य पुष्कळदा कानावर येतं. तो घसारा मोजण्यासाठी करखात्याने ठरवलेला आकडा आहे. इमारत तेवढ्यावर संपत नाही. पण पुढच्या खरेदीदाराला कर्ज देताना काही बँका हाच आकडा बघतात, म्हणून विकायच्या वेळी तो आडवा येतो.

भाडेकरू असलेला फ्लॅट घेतला, तर भाडेकरूही करारासकट तुमचा होतो. नेहमीच्या करारात सबळ कारणाशिवाय त्याला काढता येत नाही, आणि आत जाऊन घर बघताही येत नाही. पर्यटकांना देऊ म्हणाल, तर २०१८ च्या कायद्याने वर्षाला १८० दिवसांची मर्यादा आहे, आणि बहुतेक इमारतींच्या नियमावलीत ते मुळातच बंद आहे. जाहिरातीतला परतावा वर्षाच्या भाड्याला किमतीने भागून काढलेला असतो. त्यातून मेंटेनन्स, आज भरतात तो नव्हे तर भरायला हवा तो दुरुस्ती फंड, कर आणि रिकामे महिने वजा करा. जे उरेल तोच खरा परतावा. युझावाचा फ्लॅट या वजाबाकीतच नापास होतो.

पाणी कुठवर येईल?

टोकियोत आपल्या माणसांची वस्ती म्हणून निशि-कासाइचं नाव आता महाराष्ट्रातही ओळखीचं आहे. ते एदोगावा वॉर्डात येतं. महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. त्याच वर्षी वॉर्डाने पुराचा नकाशा काढला आणि त्यावर रहिवाशांना स्पष्ट बजावलं की, महापुराच्या वेळी इथे थांबू नका. वॉर्डाची सुमारे सत्तर टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. त्याच ऑक्टोबरमध्ये आलेल्या तुफानात कावासाकीच्या मुसाशि-कोसुगीत एका उंच इमारतीच्या तळघरात पाणी शिरून विजेची यंत्रणा बंद पडली, आणि वरच्या मजल्यांवरची माणसं लिफ्ट, पाण्याविना अडकली. ऑगस्ट २०२० पासून विक्रीआधी पुराच्या नकाशावर ती जागा दाखवणं एजंटाला बंधनकारक आहे. विजेची खोली तळघरात आहे की वर, हा प्रश्न मात्र आपणच विचारायचा.

क्रम उलटा करा

बहुतेक जण आधी किंमत बघतात, मग जागा, मग खोली, आणि कागद शेवटी सहीच्या दिवशी. जुन्या फ्लॅटला हा क्रम उलटा लावावा. आधी परवानगीची तारीख आणि जमिनीचा प्रकार. मग फंड, नियोजन आणि इतिवृत्त. मग पाइप, वीज, पूर. या तिन्ही पायऱ्या पार झाल्या तरच खोली कशी आहे ते बघावं आणि किमतीची घासाघीस करावी.

हिरोओ गार्डन हिल्स ही टोकियोतली १९८०च्या दशकातली वसाहत आज चाळिशीची आहे. तिथले फ्लॅट मूळ किमतीच्या कितीतरी वर विकले जातात. जागा उत्तम आहेच, पण झाडांपासून पाइपांपर्यंत सगळं वेळच्या वेळी केल्याचा तो मोबदला आहे. अशी शिस्त फक्त श्रीमंतांच्या वस्तीत असते असंही नाही. उपनगरातल्या साध्या पाच मजली इमारतीतही वीस-तीस घरं दर वर्षी सभा भरवतात, फंड वाढवण्याचा नावडता ठराव मंजूर करतात आणि पाइप वेळेत बदलतात. एप्रिल २०२२ पासून चांगल्या कारभाराला स्थानिक शासनाची मान्यता देण्याची पद्धतही सुरू झाली आहे.

राहायला घेत असाल, तर अशी इमारत शोधायला वर्ष लागलं तरी चालेल. घेतल्यावर सभेला जा, आणि भाषा येत नसेल तर दुभाषा घेऊन जा. तुम्ही सही करता त्या दिवसापासून तो कारभार तुमचाही असतो, आणि पुढचा खरेदीदार इतिवृत्त मागेल तेव्हा त्याला तुमच्या वर्षांचा हिशेब वाचायला मिळणार असतो. लांब राहून, सभेला कधीही न जाता नुसतं भाडं खायचं असेल, तर जपानमधला जुना फ्लॅट तुमच्यासाठी नाही. तिथे जो मालक कारभारात हात घालत नाही, त्याच्या फ्लॅटची किंमत दुसरे ठरवतात.